तो थेंब सक्शनमध्ये जाऊ देऊ नका

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात श्रवणतज्ज्ञ आहे. मागणी आधीच सांगते: मराठवाड्यात जिथे जिथे कॉक्लियर इम्प्लांट (बहिऱ्या माणसाच्या आतल्या कानात ऐकण्याचं विद्युत उपकरण बसवण्याची शस्त्रक्रिया) होतं, तिथे आतल्या कानातला द्रव जपून ठेवायची सोय करा. त्यातली प्रथिने तपासायला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेशी करार करा.

लिव्हरचा तुकडा काढून तपासता येतो, आतल्या कानाचा नाही. तो शरीरातल्या सगळ्यात घट्ट हाडात बसलेला. तुकडा काढायला जावं तर उरलंसुरलं ऐकणंही जातं. मेनिएरचा (आतल्या कानाच्या विकाराने चक्कर येणारा) रुग्ण असो की एका रात्रीत कान गेलेला, ऑडिओग्रामवरून, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावरून, किती ऐकू येत नाही एवढं कळतं. आत काय बिघडलं, याचा आम्ही अंदाज बांधतो.

इम्प्लांटच्या वेळी मात्र सर्जन कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानातला शंख, उघडतात आणि पेरिलिम्फ नावाचा द्रव वर येतो. हाती लागतात ते काही मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाहूनही कमी. एरवी तो सक्शनच्या नळीतून जातो. जर्मनीत हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठात तोच द्रव घेऊन मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंच्या वजनावरून प्रथिने ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासला गेला. एवढ्याशा नमुन्यात शेकडो प्रथिने ओळखता येतात. जपानी डॉक्टर तर मधला कान धुतलेल्या पाण्यात कॉक्लिन-टोमोप्रोटीन हे आतल्या कानातलं प्रथिन शोधतात. ते सापडलं की आतल्या कानातून गळती आहे, असं समजतं. कानातल्या रोमपेशींचं (आवाज टिपणाऱ्या पेशींचं) प्रेस्टिन हे प्रथिन रक्तात मोजून सिस्प्लॅटिनसारख्या कॅन्सरच्या औषधाने कानाला झालेली इजा लवकर ओळखता येईल का, यावरही काम चालू आहे. अजून ते रोजच्या तपासणीत आलेलं नाही, हेही खरं.

जन्मतः बहिऱ्या मुलांत आधी जनुक तपासणीच हवी, प्रथिनांची पाळी नंतर. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न आजही होतं, आणि दोन्हीकडून तोच दोष आला की मूल बहिरं जन्मतं. ओटोफर्लिन हे प्रथिन ज्यांच्यात बनत नाही, अशी बाळं ओएई तपासणीत (कानातून परत येणारा सूक्ष्म आवाज मोजणाऱ्या) बरेचदा 'पास' होतात. बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते पाहणारी चाचणी, केली तरच पकडली जातात. याच मुलांवर जनुकोपचार करून ऐकू येऊ लागल्याचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या शिबिरांत मात्र बेराचं यंत्र क्वचितच दिसतं.

ऊसतोड कुटुंबांचं तर विचारूच नका. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते, बाळ कोपीवरच, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतच, वाढतं. परतल्यावर आई सांगते, "ताट वाजवलं की बघतंय की. त्याचा मामाबी उशिराच बोलला हुता." ताटाचा हादरा लागतो, हलणारा हात दिसतो, म्हणून ते बघतं. महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार ही जगभरची रीत या कोपीपर्यंत पोचलेली नाही. आणि त्या मामाचा कान कुणी तपासलाय? घराण्याची नोंदही याच कामात धरा.

"संशोधन पुण्या-मुंबईला होऊ द्या, तुम्ही कानाचं मशीन वाटा," असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं. मशीन हवंच. पण रुग्ण इथले, तर नमुनेही इथलेच हवेत.

यासाठी नवी इमारत नको. उणे 80 अंशांचा फ्रीजर, कोरड्या बर्फातून पुण्याला पाठवायची सोय, आईबापांना वाचून समजेल असं मराठी संमतीपत्र आणि नैतिकता समितीची मंजुरी, एवढं पुरे. फ्रीजरला जनरेटरची वेगळी लाइन मात्र आदेशातच लिहा. नंतर मागितली तर बांधकाम खात्याकडून ती मिळेपर्यंत नमुने वितळलेले असतील.

आपली,
एक श्रवणतज्ज्ञ, अंबाजोगाई