एका गिअरवर समुद्रापर्यंत

मादाम,

कालव्याकाठी भर पावसात तुम्ही माझी सायकल चालती करून दिलीत, पण तुमचं नाव मला ठाऊक नाही. निघताना विचारायचं राहिलं, आणि पाच-सहा किलोमीटर पुढे गेल्यावर आठवलं तेव्हा वारा इतका छान पाठीशी होता की मागे वळायचा धीर झाला नाही. म्हणून हे पत्र असं जाहीर लिहितेय. मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. माझं फ्रेंच किती पाण्यात आहे ते तुम्ही पाहिलंच आहे.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या खाऱ्या तळ्यापर्यंत २४० किलोमीटर लांबीचा एक कालवा आहे, कॅनाल द्यु मिदी. १६६६ ते १६८१ या काळात खणलेला. पियेर-पॉल रिके नावाच्या, मिठावरचा कर वसूल करणाऱ्या माणसाने साठीच्या आसपास हे काम अंगावर घेतलं आणि कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधी तो वारला. पूर्वी घोडे या काठावरून चालत आणि दोर लावून बोटी ओढत. आता त्या घोड्यांच्या वाटेवरून सायकली जातात. गाड्यांना तिथे मज्जाव, पाण्यातल्या बोटींनाही ताशी आठ किलोमीटरची मर्यादा. बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच एकटीने सायकलवर लांबचा प्रवास करायचा, तर यापेक्षा सोपी वाट कुठली, असा माझा हिशेब होता.

पहिले पन्नासेक किलोमीटर तो बरोबर ठरला. तुलूझहून निघालं की डांबरी, गुळगुळीत वाट. फक्त समोरून ओतान वारा. हा वारा माणसाला वेडं करतो असं तिकडे म्हणतात. मी वेडी झाले नाही, पण त्याच्याशी मराठीत बरंच काही बोलले. नोरूझला पोचले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. कालव्याची सगळ्यांत उंच जागा ती, समुद्रसपाटीपासून साधारण १९० मीटर. मोंतान्य न्वारच्या डोंगरांतून आणलेलं पाणी इथे कालव्यात पडतं आणि दोन्हीकडे वाटलं जातं. एका बाजूच्या लॉकचं नाव महासागर, दुसऱ्या बाजूच्या लॉकचं नाव भूमध्य. लॉक म्हणजे बोट वर चढवायला किंवा खाली उतरवायला बांधलेला पाण्याचा हौद, दोन्ही टोकांना दरवाजे. आता इथून पुढे उतारच उतार, असं म्हणत मी निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि पाऊस आला. कास्तेलनोदारी मागे पडल्यावर वाट मातीची झाली आणि त्या मातीतून झाडांची मुळं वर आलेली. ओल्या मुळावरून मागचं चाक सरकलं, मी उजव्या अंगावर पडले, आणि उठून पॅडल मारलं तर मागून कडकन आवाज. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ज्या छोट्या पट्टीला लटकतो ती पट्टीच मोडली होती. ती मुद्दाम कमकुवत करतात, म्हणजे मार बसला तर पट्टी जाते आणि फ्रेम वाचते. फ्रेम वाचली खरी. पण दर कंपनीच्या, दर मॉडेलच्या सायकलची पट्टी वेगळी, आणि माझ्याजवळ सुटी नव्हती. सायकल ढकलत तुम्ही सांभाळता त्या लॉकपर्यंत आले, तेव्हा भर पावसात तुम्ही दरवाजे लावून जेवायला आत निघाला होतात.

लॉकवर दुपारी सुट्टी असते हे मला माहीत नव्हतं. मी आपली तुमच्या घराच्या भिंतीवरच्या पाटीखाली उभी राहिले. त्या पाट्या मला आल्यापासून आवडत होत्या. लॉकचं नाव, आणि मागचा-पुढचा लॉक किती मीटरवर, तेही ठोक आकड्यात नाही, अगदी शेवटच्या मीटरपर्यंत. मी पुढच्या लॉकचा आकडा वाचत होते आणि तेवढं अंतर ढकलत जायला किती वेळ लागेल याचा हिशेब करत होते. तुम्ही खिडकीतून पाहिलंत. मग लाकडी खोका घेऊन बाहेर आलात.

पुढचा तास मी कधी विसरणार नाही. खोक्यातून तुम्ही चेन तोडायचं हत्यार काढलंत. लोंबकळणारा डिरेलर सोडवलात, त्याची केबल गुंडाळून फ्रेमला बांधलीत. मग चेन पुढे एका चकतीवर आणि मागे मधल्या चकतीवर सरळ रेषेत घालून पाहिलीत. सैल. एक चकती वर, तर इतकी ताठ की चाक फिरेना. पुन्हा खाली, दोन कड्या कमी. तिसऱ्या खेपेला बोटाने चेन दाबलीत, ती जराशी दबली, आणि तुम्ही मान डोलावलीत. पिन काढताना मला जवळ बोलावून दाखवलंत की ती पूर्ण बाहेर पडू द्यायची नाही, टोक कडीतच अडकलेलं राहिलं पाहिजे, नाहीतर परत बसवताना देव आठवतो. देवाचं तुम्ही म्हणाला नाहीत, चेहऱ्यावर दिसलं. तुमची नखं काळी झाली, केसांतून पाणी गळत होतं, आत जेवण गार होत होतं.

मी खुणेने विचारलं, एकाच गिअरवर? समुद्रापर्यंत? अजून दीडशेहून जास्त किलोमीटर होते. तुम्ही कालव्याकडे बोट दाखवलंत, मग तळहात आडवा धरून हळूहळू खाली नेलात. पाणी चढ चढत नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे शाळेत शिकले होते, पण त्याचा माझ्या गुडघ्यांशी काय संबंध ते त्या क्षणी कळलं.

मी पाकीट काढलं तर तुम्ही रागावलात. रिके त्याच्या मजुरांचा पावसाने बुडालेल्या दिवसाचा पगारही कापत नसे, असं मी वाचलं होतं. तुमच्या त्या तासाची मजुरी मात्र मी बुडवली, त्याच कालव्यावर.

आणि तो नकाशा! बोटींच्या कसल्याशा छापील कागदाच्या मागे तुम्ही एक लांब वाकडी रेघ काढलीत, तिच्यावर लॉकच्या आडव्या खुणा. जिथे मुळं जास्त तिथे तुम्ही नागमोडी काढलीत आणि बाजूने दुसरी रेघ, ‘डी’ आणि पुढे तीन आकडे, म्हणजे तिकडच्या जिल्हा रस्त्याचा क्रमांक. एका बोटाने एक आकडी रस्त्यावर फुली मारलीत, गाडीचा आवाज काढलात. तीन आकड्यांवर बोट ठेवलंत आणि गप्प बसलात. आकडे जास्त तितकी गर्दी कमी. शांत रस्ता शोधायची इतकी सोपी शिकवण मला आजवर कुणी दिली नव्हती. शेवटाकडे कागदावर एक गोल होता, मधून किरण निघालेले. मला वाटलं, तिथे ऊन फार असेल.

दुपारनंतर पश्चिमेकडून सेर्स वारा सुटला आणि पाठीत हात घालून ढकलू लागला. कार्कासोनमध्ये मी थांबले नाही. त्या शहराने कालव्यासाठी पैसे द्यायचं नाकारलं, म्हणून रिकेने कालवा बाहेरून नेला आणि शहरात पाणी यायला १८१० उजाडलं, हे मला तिथल्या तटबंदीपेक्षा जास्त आवडलं. त्यापुढे झाडांच्या जागी बुंधे दिसू लागले. चिनारांना लागलेली बुरशी इथे २००६ मध्ये सापडली. काठावरच्या सुमारे ४२ हजार झाडांतली हजारो तोडून जाळावी लागली. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती आली असं म्हणतात. तुमच्या दारातली झाडं इतकी कोवळी का होती, ते मला तिथे समजलं. तुम्ही त्यांच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होतात आणि मी नुसतीच हसले होते. माफ करा.

तुमचे तीन आकडी रस्ते द्राक्षमळ्यांतून जात होते. तासातासात एखादी गाडी. जरा चढ आला की मी उतरून चालायची, एका गिअरचा तोही एक फायदा, चालताना बांध दिसतात, दगडी पूल दिसतात, पुलांच्या कडेवर दोरांनी घासून पडलेल्या खाचा दिसतात. त्यांतल्या एका खाचेत माझं अख्खं बोट बसलं. पुढे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. तिथे कालवा डोंगराची एकच उंची धरून इतकी वळणं घेतो की समोरच्या गावाचा मनोरा कधी उजवीकडे, कधी डावीकडे. तुम्ही घालून दिलेली चेन तेवढ्यात एकदाच उतरली, आणि तीही माझ्या चुकीने.

मालपासला कालवा टेकडीच्या पोटातून जातो. बोगदा जेमतेम दीडशे-पावणेदोनशे मीटरचा, पण सतराव्या शतकातला. सायकल खाली बांधून मी आंसेर्यूनच्या टेकडीवर चढले, फक्त तुमच्या कागदावरचा तो गोल तिथे होता म्हणून. खाली मोंतादी. तेराव्या शतकात उपसून कोरडं केलेलं तळं. मधोमध एक वर्तुळ, आणि तिथून चारी दिशांना सरळ गेलेले चर, त्यांच्यामध्ये पाचरीसारखी शेतं. कुठे हिरवं, कुठे तांबूस, कुठे नुकतं नांगरलेलं. हुबेहूब तुमचा सूर्य. सगळे चर पाणी मध्यात आणतात आणि ते पाणी याच टेकडीखालून बाहेर जातं. वर कालव्याचा बोगदा, त्याखाली रेल्वेचा, आणि सगळ्यांत खाली हा सगळ्यांत जुना. मी तो ओला होऊन सुकलेला कागद शेतांसमोर धरून पाहिला. किरण मोजले नाहीत, पण तुम्ही बहुतेक मोजले असणार.

बेझिएला फोंसेरानच्या लॉकच्या पायऱ्यांवर जत्रा होती, तिथे नुसती डोकावले. गावात सायकलच्या दुकानात नवी पट्टी मिळत होती. घेतली, पण बसवली नाही, पिशवीत ठेवली. समुद्रापर्यंत तुमच्याच चेनवर गेले.

आता मुख्य गोष्ट. रस्त्यात पुन्हा तुटली तर असावं म्हणून तुम्ही चेन तोडायचं हत्यार माझ्या पॅनिअरमध्ये, म्हणजे मागच्या चाकाशी लटकवलेल्या पिशवीत, कोंबलं होतंत, फडक्यात गुंडाळून. मला ते रात्री सापडलं. पोस्टाने पाठवणार होते. पाकिटावर लॉकचं नाव लिहिलं आणि वरची ओळ रिकामी राहिली. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद असतो, वसंतात लॉक पुन्हा उघडले की ते घेऊन मी स्वतःच येईन. या वेळी दुपारच्या सुट्टीत नाही येणार.

तुमची,
ओल्या मुळावर घसरलेली