ताप किती होता, ते सांगितलं नाहीस

वडगाव, बेळगाव
मंगळवार रात्र

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी फोनवर म्हणालीस, "एकदम छान आहे बाबा, काळजीचं काहीच नाही." काल तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं आईला सांगितलं की तुला शनिवारपासून ताप होता आणि त्या अंगानं तू हॉटेलात ब्रेक शिफ्ट केलीस. सकाळी नाश्त्याला उभी, दुपारी जरा खोलीवर, परत रात्रीच्या जेवणाला उभी. किती होता ताप?

रागावायला लिहीत नाही. फोन केला तर परत तोच आवाज काढशील, म्हणून कागद घेतला. तो आवाज मला नवा नाही. ३० वर्षं बस स्टँडजवळच्या खानावळीत मी तोच वापरला.

तुला घरी सराव करताना बघितलं होतं. १० फुटांवर पाहुणा दिसला की नजर मिळवून हसायचं, ५ फुटांवर आला की नमस्कार करून बोलायचं. धाकट्याला पाहुणा करून सोप्यात किती फेऱ्या मारायला लावल्यास! आज्जी बघत बसली होती. घरात कोण आलं की कणगीमागं जाऊन उभी राहणारी तू, आता अनोळखी माणसाला ताठ मानेनं "या" म्हणतेस. त्या दिवशी मी उठून मागच्या दारी गेलो, ते विडीसाठी नव्हे.

आमच्या वेळी असा तास नव्हता. मालकानं एकच शिकवलं, आधी पाणी, मग बोलणं. बाकी दारात उभं राहून शिकलो. माणूस मराठी का कानडी, ते त्यानं तोंड उघडायच्या आत ओळखायचं. "या, बसा" म्हणायचं का "बर्री, कूड्री"? टोपी बघायची, सोबतच्याशी काय पुटपुटतोय ते ऐकायचं. एकदा चुकलो. बैलहोंगलकडचे एक वयस्कर होते, मी मराठीत विचारलं, तर ताट सारून उभेच राहिले. मोठ्यानं बोलले, सगळी खानावळ बघायला लागली. मी तांब्या पुढं ठेवला आणि हळूच म्हणालो, "बिसी रोट्टी तरलेन्री?" गरम भाकरी आणू का? बसले. एण्णेगायीबरोबर, म्हणजे भरल्या वांग्याबरोबर, तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि जाताना खांद्यावर हात ठेवला. तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात ना, तक्रार आली की आधी पुरतं ऐकायचं, माफी मागायची, मार्ग काढायचा, शेवटी आभार मानायचे? तू ते सांगितलंस तेव्हा मला तो म्हाताराच दिसला. हे काम हलकं नव्हे, ताई. माणूस वाचता यावा लागतो, आणि ते तुला येतं.

पण आवाजाचं सांगायचं राहिलं. दाराआड एका खिळ्याला मी ॲप्रन अडकवायचो आणि सायकल काढायचो. ॲप्रन तिथं राहायचा, आवाज घरी यायचा. आजोबांच्या बाराव्याला मी पंगतीत "अजून काय वाढू, संकोच करू नका" म्हणत फिरत होतो. सगळे म्हणाले, किती धीराचा आहे. रात्री तुझ्या आईनं विचारलं, "तुम्ही ठीक आहात न्हवं?" मी तिलाही हसून म्हणालो, "एकदम." ती काही बोलली नाही, दिवा मालवला. माझा बाप गेला होता आणि मी बायकोला गिऱ्हाइकासारखं उत्तर दिलं. रविवारी तुझं "एकदम छान" ऐकलं आणि मला तो दिवा आठवला.

म्हणून सांगतो. पाहुण्यासमोर हस, ते तुझं काम आहे. सुपरवायझरसमोर "अंगात ताप आहे" हे सरळ सांगायला शिक. तापल्या अंगानं दुसऱ्याच्या ताटाला हात लावायचा नाही, हा स्वयंपाकघराचा नियम तुमच्या मोठ्या हॉटेलातही तोच असणार. एकदा मालकानं मला कपाळाला हात लावून दारातूनच परत पाठवलं, दिवसाची मजुरीही कापली. तुझी कापली तर कापू दे. आणि त्या रिट्झ-कार्लटन हॉटेलवाल्यांचं ते वाक्य तूच मला समजावून दिलं होतंस, आम्ही सभ्य स्त्री-पुरुष, सभ्य स्त्री-पुरुषांची सेवा करतो. किती आवडलं होतं मला ते, पहिल्यांदा कुणीतरी वाढणाऱ्याला पाहुण्याच्या बरोबरीनं बसवलं. मग त्यातल्या सभ्य बाईला आजारी पडायचा हक्क नाही काय? नोकरी नवी आहे, पहिल्या सहा महिन्यांत नाव खराब होईल असं तुला वाटत असणार, पण शरीर एकदा...

राहू दे. आई म्हणते, पोरगी आजारी आहे आणि तुम्ही शिकवणी घेताय. खरं आहे तिचं. चुकलं माझं. तू माझ्यापेक्षा जास्त शिकलीस, तुझं तुला कळतं. मागच्या गल्लीतले माग आज लवकर थांबले, घर फार गप्प वाटतंय, म्हणून एवढं लिहीत गेलो.

रक्त तपासलंस काय? पावसाळ्याचा ताप आहे, दोन दिवसांवर गेला तर तपासायचाच. ताप किती होता?

परवा सकाळच्या गाडीनं काकी चोर्ल्यावरून पणजीला येतेय. तिच्याकडं शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या दिल्यात. कुंदा आईनं ठेवू दिला नाही, म्हणाली, ताप उतरल्यावर. पिशवीच्या तळाला टॉवेलात गुंडाळून थर्मामीटर ठेवलाय. सकाळी एकदा, रात्री एकदा लावायचा, आणि जो आकडा येईल तोच मला सांगायचा.

तुझा,
बाबा

ता. क. गुरुवारी रात्री तुझी शिफ्ट सुटली की फोन करतो. बरं नसेल तर बरं नाही म्हण. मी बाडबिस्तरा बांधूनच बसलोय, पहिल्या गाडीला निघेन.