द्राक्ष चर्चासत्रात प्रश्नांना वेळ द्या

महोदय,

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की आमच्या तासगाव तालुक्यात गावोगावी चर्चासत्रं सुरू होतात. गेल्या महिन्यात एका कंपनीच्या चर्चासत्राला मी दिवसाचं काम टाकून गेलो होतो. माझी दोन एकर सोनाका जातीची द्राक्षबाग आहे आणि मागच्या हंगामात डाऊनी रोगानं निम्मे घड गेले.

मंगल कार्यालयात भला मोठा पडदा, ड्रोननं टिपलेल्या बागा, मागे संगीत. वक्ते पाऊण तास न अडखळता बोलले. मीही टाळ्या वाजवल्या. मग उठून विचारलं, "साहेब, बाग पोंग्यात असताना, म्हणजे नवे कोंब फुटत असताना, पाऊस लागून राहिला, चिखलामुळं फवारणीचा ब्लोअर आत जाईना, तर पहिली फवारणी कशाची आणि कशी घ्यायची?" ते म्हणाले, "फार छान प्रश्न. पीडीएफ ग्रुपवर टाकतो." आणि जेवणाची घोषणा झाली. रात्री पीडीएफ आली. तीत ड्रोनचे फोटो होते. प्रमाणाच्या जागी 'लेबलप्रमाणे' एवढंच.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या देवळाच्या पारावर एक कृषी सहायक डाऊनीवर फवारायचं बोर्डो मिश्रण शिकवायला आले होते. आवाज इतका बारीक, की मागच्यांना पुढं सरकून बसावं लागलं. त्यांनी एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात आणि एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये विरघळवला. दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपात एकदम ओतायला लावलं. मग एका म्हाताऱ्या बागायतदाराच्या हातात विळा देऊन म्हणाले, "काका, बुडवा." विळा वर आला तो तांबूस. "चुना कमी पडलाय. मोरचुदातलं मोकळं तांबं लोखंडावर चढतंय, तेच कोवळ्या पानाला चटका देणार." थोडी चुन्याची निवळी घातली, विळा घासून पुन्हा बुडवला. या वेळी पातं स्वच्छ. एक टक्का बोर्डो मिश्रण त्या दिवशी साऱ्या गावाला आलं. मी आजही विळा बुडवल्याशिवाय पंप सुरू करत नाही.

छान बोलण्याला माझा विरोध नाही. क्रांतिसिंह नाना पाटील आमच्याच जिल्ह्यातले, येडेमच्छिंद्रचे. बांधावर बोलावं तसं ते सभेत बोलायचे, असं आजोबा सांगत. आजोबा त्यांची सभा ऐकून आले आणि थोरल्या आत्याचं लग्न त्यांनी कर्ज न काढता, दोन हार घालून लावलं. भाषण घरापर्यंत आलं ते असं.

आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. भाषण वीस मिनिटांत आटपा आणि उरलेला वेळ आम्हाला द्या. प्रश्न दोन दिवस आधी लिहून मागवा, म्हणजे वक्त्यालाही तयारी करता येईल. उत्तर येत नसेल तर तसं सांगावं. आम्ही दुसऱ्याला विचारू. चुकीच्या फवारणीचा खर्च आणि गेलेला घड, दोन्ही शेतकऱ्याच्याच अंगावर पडतात. छाटणीनंतरचे दिवस इतके मोजके, की एक पाऊस चुकला तर वर्ष हातचं जातं.

आणि जमलं तर पुढचं चर्चासत्र कार्यालयाऐवजी बागेत घ्या. माझ्या शेडमध्ये पन्नास माणसं बसतील. पिंप, मोरचूद, चुना आणि विळा मी तयार ठेवतो.

— एक द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली