कॉम्प्युटरचंही घड्याळ मागं पडतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका कॉम्प्युटरपायी जे रामायण झालं ते कळवतोय. जागा असली तर छापा. आमच्या शहापुरात आणि पलीकडं वडगावात आणखी दोन-तीन घरांत असंच झाल्याचं कानावर आलं, म्हणून हा खटाटोप.

मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. शहापूरच्या खडेबाजारात ३८ वर्षं दुकान चालवलं, गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा बंद केलं. कॉम्प्युटर मुलाचा, २०१२ साली घेतलेला. मुलगा पुण्याला गेला, कॉम्प्युटर माझ्याकडं राहिला. त्यावर मी वीजबिल भरतो, शेताचा उतारा काढतो, नातीशी बोलतो आणि भजनी मंडळाच्या जुन्या वहीतले अभंग टाइप करतो. वहीची पानं आता हात लावला की तुटतात, म्हणून हे काम मी अंगावर घेतलेलं.

नवरात्र होऊन गेलं आणि परतीच्या पावसानं गाठलं. तिन्हीसांजेला राजहंसगडाच्या बाजूला विजा सुरू झाल्या की आमच्या घरी एक नियम आहे : सौ. उठते आणि मेन स्विच खाली ओढते. एका पावसाळ्यात टीव्ही जळाला तेव्हापासूनचा हा नियम, त्याला अपील नाही. त्या रात्री मेन बंद राहिला. सकाळी चालू केला, कॉम्प्युटर लावला, तर नेट नाही. म्हणजे कोपऱ्यात वायफायची खूण आहे, मोबाइलवर त्याच वायफायवर सगळं चालतंय, पण कॉम्प्युटरवर कुठलीही साइट उघडली की लाल खूण आणि चार ओळी इंग्रजी. अपडेटकडं गेलो तर तिथं नुसता आकडा : शून्य, एक्स, ८००७२, मग एफ, ८, एफ. हा आकडा मी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला. ती एकच शहाणपणाची गोष्ट त्या आठवड्यात माझ्या हातून झाली.

नेटच्या कंपनीला फोन लावला. कन्नडसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. मराठीसाठी काहीच दाबायचं नाही. मी एक दाबला, मला कन्नड चांगलं येतं. पण माझ्या शेजारच्या आक्कांना येत नाही आणि बिल त्यांनाही माझ्याएवढंच येतं. तिसऱ्या दिवशी पोरगा आला. नेटच्या डब्यावरचे दिवे बघितले, आपला लॅपटॉप जोडून दाखवला, सगळं वाऱ्यासारखं. "नेट चलो ऐत्री, कंप्यूटर नोडिसरी," म्हणजे नेट चांगलं आहे, कॉम्प्युटर दाखवून घ्या, असं म्हणाला आणि गाडीला किक मारली. खरं सांगायचं तर तो बरोबर होता. डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेरची फायबर तुटली समजायचं. तो विझलेला असेल आणि मोबाइल चालत असेल तर दोष घरातल्या मशीनमध्ये. एवढं तो पाच मिनिटं थांबून मला सांगू शकला असता.

मग आमच्या भागातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. पोरगं चांगलं आहे, बोलायला गोड आहे, म्हणून नाव लिहीत नाही. त्यानं मशीन चालू केलं, लाल खूण बघितली आणि खिडकी बंद केली. वाचलं नाही. "काका, विंडोज १० बंद झालं की ओ १४ तारखेला. त्यामुळं नेट येत नाही. फॉरमॅट मारूया."

आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं काहीतरी संपलं, हे खरंच होतं. पेपरातही आलं होतं. त्यामुळं त्या आठवड्यात कुणाचाही कॉम्प्युटर शिंकला तरी कारण तयार होतं. मला नंतर कळलं की त्या तारखेला संपलं ते फुकट मिळणारे सुरक्षेचे अपडेट. मशीन बंद पडत नाही आणि नेट तर अजिबात बंद पडत नाही. पण मी मान डोलावली. ७०० रुपये आणि मशीन रिक्षात घालून त्याच्या दुकानात.

दुसऱ्या दिवशी फोन. "या काका, पळतंय बघा." गेलो, माझ्यासमोर यूट्यूब लावून दाखवलं. घरी आणलं, वायर जोडली, पुन्हा तीच लाल खूण. त्याला फोन केला तर म्हणाला, दुकानात चालतंय म्हणजे तुमच्या नेटचा प्रॉब्लेम. नेटवाल्याला फोन केला तर म्हणाला, नेट चालतंय म्हणजे कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम. मधे मी. शेवटी १,५०० रुपये देऊन नेटचा डबा बदलला. काही फरक नाही. दुरुस्तीवाल्यानं मग शेवटचं सांगितलं : मशीन म्हातारं झालं, ४२ हजारांत नवं बसवून देतो.

या सगळ्यात फॉरमॅटनं काय गेलं ते मला चार दिवसांनी समजलं. फोटो डी ड्राइव्हवर होते, ते राहिले. अभंग मी डेस्कटॉपवर ठेवले होते, डोळ्यासमोर असावेत म्हणून. डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो आणि फॉरमॅट सी चंच करतात. १४७ अभंग गेले. मला कुणी विचारलं नव्हतं की डेस्कटॉपवर काही आहे का, आणि विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

दिवाळीत पुण्याहून फोनवर नात म्हणाली, आजोबा, तो मेसेज वाचू नका, नुसता फोटो काढून पाठवा. पाठवला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "आजोबा, यात लिहिलंय तुमचं घड्याळ मागं आहे."

संपादक महाशय, ३८ वर्षं मी लोकांची घड्याळं लावली. एचएमटीच्या चावीच्या घड्याळापासून क्वार्ट्झपर्यंत सगळी. आणि माझ्या नाकासमोर, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक घड्याळ चुकीची वेळ दाखवत बसलं होतं आणि मी बघितलं नाही. बघितलं नाही असंही नाही. संध्याकाळी सातला तिथं दुपारचे पावणेतीन दिसायचे, पण कॉम्प्युटर अमेरिकेचा तर वेळ तिकडचीच असणार, असा माझा समज. स्क्रीनखालची पट्टी बारकी ठेवल्यामुळं तारीख दिसत नव्हती. वेळेवर बाण नेऊन धरला तेव्हा दिसली : १ जानेवारी २०१२.

नातीनं मग समजावलं. बँकेची असो, वीजबिलाची असो, आजकालची साइट उघडताना आधी आपला दाखला दाखवते. दाखल्यावर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत तो लागू ते लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटर ते आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. २०१२ साली बसलेल्या मशीनला २०२५ चा दाखला म्हणजे अजून जन्माला न आलेल्या माणसाचं रेशनकार्ड. तो दारातूनच परत पाठवतो. २०२५ साली हे दाखले जास्तीत जास्त ३९८ दिवसांचे असायचे, पुष्कळसे तर ९० दिवसांचेच. त्यामुळं घड्याळ वर्षभर मागं पडलं तरी खेळ खलास. अपडेट जिथून येतात तिथंही हाच दाखला, म्हणून तिथंही अडलं. कॅलेंडरमागचा तो आकडा तिनं शोधून बघितला, तर तारीख-वेळ चुकली की येणारा तोच.

तारीख लावली. एका मिनिटात सगळं सुरू. सौ. म्हणाली, झालं ना, आता उठा. पण माझं समाधान होईना. गिऱ्हाईक घड्याळ मागं पडतंय म्हणून घेऊन येतं, तेव्हा काटे पुढं सरकवून परत देणारा दुकानदार मी नव्हतो. रात्री मुद्दाम मेन बंद केला. सकाळी परत १ जानेवारी २०१२.

दुकानातली पेटी काढली. आयग्लास डोळ्याला लावला आणि प्लग काढून कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली. आत आठ बोटं धूळ, एक मेलेलं झुरळ आणि हिरव्या पाटीवर, अगदी समोर, आमचा जुना दोस्त : सीआर २०३२. २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, म्हणून २०३२. घड्याळात आम्ही बसवतो ते सेल दीड व्होल्टचे आणि बारके. हा ३ व्होल्टचा, गाड्यांच्या रिमोटमध्ये मी शेकडो घातलेत. मीटर लावला तर १.१. प्राण कधीच गेलेला. शेजारी एक चकचकीत बारकी नळी, तीही ओळखीची : सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा खडा. मनगटावरच्या घड्याळात असतो तोच. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात एक अख्खं क्वार्ट्झ घड्याळ बसलेलं असतं. भिंतीतून वीज येत असेल तोवर ते विजेवर चालतं, वीज तोडली की या सेलवर. सेल मेला असेल तर वीज तोडल्या क्षणी ते जन्मतारखेला जाऊन बसतं.

आता सगळं उलगडलं. दुकानात चालायचं, कारण तिथं तारीख लावून रात्रभर प्लगवर ठेवलेलं. रिक्षात घातलं की तारीख पडली. आणि पावसातच हे का व्हावं, तर पावसातच आपण मेन ओढतो. सौ.च्या नियमाचा यात दोष नाही, हे इथं लिहून ठेवतो, कारण ती पेपर वाचते.

चिमट्यानं खटका सरकवला, जुना काढला, नवा घातला, अधिकची बाजू वर. किंमत ३५ रुपये. तारीख लावली, तीन दिवस रोज रात्री मेन बंद करून बघितला. घड्याळ जागचं हललं नाही.

पुढचं थोडक्यात. फॉरमॅट करताना दुरुस्तीवाल्यानं कुठल्यातरी जुन्या पेनड्राइव्हवरचं विंडोज घातलं होतं, त्यामुळं आधी ते २२एच२ पर्यंत, म्हणजे विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत आणावं लागलं. एक अख्खी रात्र डाउनलोड चाललं आणि नेमकी त्या रात्री वीज गेली नाही, कपिलेश्वराची कृपा. मग सेटिंगमध्ये जाऊन एक वर्षाच्या वाढीव अपडेटसाठी नाव घातलं. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालतंय, आणि नातीनं सांगितल्याप्रमाणं बॅकअप चालू ठेवला तर पैसेही मागितले नाहीत. विंडोज ११ माझ्या मशीनवर चढणार नाही, त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागतो आणि माझा तिसऱ्या पिढीचा आहे. तेव्हा दुरुस्तीवाल्याचं म्हातारं म्हणणं खोटं नव्हतं. पण म्हातारं होणं वेगळं आणि सेल संपणं वेगळं, हे मला तरी कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता माझं मागणं. मी दुकान चालवायचो तेव्हा प्रत्येक घड्याळाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली असायची. त्यावर नंबर, गिऱ्हाइकाचं नाव आणि दोष. आधी उघडून बघायचं, दोष लिहायचा, पैसे सांगायचे, गिऱ्हाईक हो म्हणालं तरच हात घालायचा. काढलेला भाग पुडीत बांधून परत द्यायचा, मग तो चिमूटभर का असेना. मला हे वडिलांनी शिकवलं आणि खडेबाजारात आम्ही सगळेच घड्याळवाले असंच करायचो. बेळगाव, खानापूर, निपाणी इकडच्या कॉम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्या पोरांनी एवढी चिठ्ठी सुरू करावी. स्क्रीनवर काय लिहून आलं ते तसंच्या तसं, मग दोष काय वाटतो ते. फॉरमॅट मारायचा असेल तर डेस्कटॉपवर काय आहे ते विचारलं, अशी एक ओळ आणि त्याखाली गिऱ्हाइकाची सही. माझ्या चिठ्ठीवर 'युवर क्लॉक इज बिहाइंड' एवढं कुणी उतरवून काढलं असतं, तरी २,२०० रुपये वाचले असते. आणि ते १४७.

आपल्याकडं एक विनंती. रविवारच्या अंकात राशिभविष्याला अर्धं पान जातं. त्यातला एक बारका चौकोन मिळाला तर असल्या घरगुती कॉम्प्युटरच्या गोष्टी साध्या मराठीत येऊ द्या. लिहिणारी माणसं इथल्या कॉलेजात भरपूर आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर पहिलाच चौकोन 'आधी तारीख बघा' असा आला तर मी कात्रण काढून गल्लीतल्या चार घरी स्वतः नेऊन देईन.

अभंग पुन्हा टाइप करायला घेतलेत. या वेळी डी ड्राइव्हवर आणि एक प्रत पेनड्राइव्हवर. काल रात्रीपर्यंत ३१ झाले. वहीचं अकरावं पान मात्र पहिल्या वेळी टाइप करताना उलटताना फाटलं होतं आणि त्यावरचे दोन अभंग आता कुणाच्याच पाठ नाहीत, तेवढे मंडळाच्या जुन्या माणसांना विचारत फिरतोय.

आपला,
एक जुना वाचक
शहापूर, बेळगाव

(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. दुरुस्तीवाला पोरगा रोज समोरून जातो, हाक मारतो.)