786 छापलंत, त्याचा हिशोबही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत 786 या आकड्यावर अर्धं पान आलं ते वाचलं आणि राहवलं नाही. नोटेवर हा नंबर आला तर लकी, गाडीला मिळाला तर लकी, सगळा लेख एवढ्यावरच, पण हा आकडा येतो कुठून याबद्दल एक ओळसुद्धा नाही! मी रिटायर झाल्यावर अरबी लिपी शिकलो आणि मला सगळ्यात जास्त गोडी लागली ती या अक्षरांच्या हिशोबाचीच, म्हणून वाईट वाटलं.

अरबीत 28 अक्षरं, प्रत्येकाला किंमत. अलिफ 1, बे 2, जीम 3, दाल 4, या चौघांवरूनच पद्धतीचं नाव पडलं अबजद. दहापर्यंत एकेकाने, मग दहा-दहाने, मग शंभर-शंभरने, शेवटचं ग़ैन 1000. हा क्रम आज पोरं शिकतात त्या अलिफ-बे-ते पेक्षा जुना आहे, 400 पर्यंतची 22 अक्षरं हिब्रूशी जुळतात आणि अरबीची जास्तीची सहा मागून जोडलीयत. मुळात ही आकडे लिहायची सोय होती. आपल्याकडचे अंक तिकडे पोचल्यावरही खगोलाची कोष्टकं नि ॲस्ट्रोलेब (ग्रहताऱ्यांची जागा मोजायचं जुनं यंत्र) यांच्यावर अक्षरंच दिसतात.

आता 786. "बिस्म" मध्ये बे 2, सीन 60, मीम 40, झाले 102. "अल्लाह" 66. "अर-रहमान" 329, "अर-रहीम" 289. करा बेरीज. म्हणजे हा आकडा "बिस्मिल्लाह अर-रहमान अर-रहीम" (दयाळू, कृपाळू अल्लाहच्या नावाने) या अख्ख्या वाक्याच्या जागी लिहितात, आणि त्यामागे एक फार हळवी काळजी आहे, की कागद उद्या रद्दीत गेला, पायाखाली आला तरी देवाच्या नावाची विटंबना होऊ नये. अनेक उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, हे मान्य नाही, ते म्हणतात पूर्ण वाक्यच लिहा. लॉटरीशी मात्र याचा काडीचाही संबंध नाही.

आणि अजून एक गोष्ट जी लेखकाने बघायला हवी होती. मोरोक्कोकडे, म्हणजे मग़रिबात, काही अक्षरांच्या किमती वेगळ्या आहेत, तिकडे सीन 60 नाही तर 300. त्या हिशोबाने तेच वाक्य 1026 होतं. वाक्य तेच, श्रद्धा तीच, आकडा बदलला. मग "786 मध्येच शक्ती आहे" असं ठामपणे छापायचं कसं?

गूढ अर्थ नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही, उलट ते इतके सुंदर आहेत की लकी नंबरच्या खाली दाबले जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. सूफींना अलिफची उभी रेघ आणि तिची किंमत 1 यात एकच एक परमेश्वर दिसतो. अक्षरं 28 आणि अरबांच्या हिशोबात चंद्राची नक्षत्रंही 28 (आपल्यासारखी 27 नव्हे), तेव्हा त्यांची जोडी लावली गेली. कुराणातल्या 29 सूरांच्या, म्हणजे अध्यायांच्या, सुरुवातीला अलिफ-लाम-मीम सारखी सुटी अक्षरं येतात, वेगवेगळी मोजली तर 14, बरोब्बर निम्मी, आणि त्यांच्या अर्थावर शतकानुशतकं लोक विचार करतायत. 1 ते 9 अंकांचा तो चौकोन घ्या ज्यात कुठूनही बेरीज 15 येते, त्याची एकूण बेरीज 45, आणि आदम या नावाची किंमत 45, हव्वाची 15. त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात 2, 4, 6, 8 येतात, त्यांची अक्षरं जोडली की होतं "बुदूह", जे पत्र नीट पोचावं म्हणून पत्रावर लिहायचे. याच विद्येपायी माणसं जिवानिशीही गेलीत, हुरूफी म्हणजे अक्षरांतच गूढ अर्थ शोधणाऱ्या पंथाचा फ़ज़लुल्लाह अस्तराबादी याला 1394 मध्ये ठार मारलं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भावते ती तारीख काढायची कला, म्हणजे ओळीतल्या अक्षरांच्या बेरजेतून घटनेचं साल सांगायची. हुमायून जिन्यावरून पडून 1556 मध्ये गेला तेव्हा फ़ारसीत ओळ केली गेली, "हुमायूँ पादशाह अज़ बाम उफ़्ताद", बादशहा हुमायून गच्चीवरून पडला. बातमी तीच आणि सालही जवळपास तेच, कारण अक्षरांची बेरीज येते 962. हिजरी (इस्लामी कालगणनेचं) सन खरं 963, एक कमी पडला, पण इतक्या सरळ वाक्यात इतकं जवळ जाणं सोपं नाही हो. (फ़ारसीचा "पे" अबजदमध्ये नाहीच, त्याला बे चे 2 धरतात. करून बघा, मी दोनदा ताळा केलाय.)

तर विनंती एवढीच, पुढच्या रविवारी 28 अक्षरांचं किमतींसकट कोष्टक छापा, शेजारी मग़रिबातल्या वेगळ्या किमतीही द्या, चौकटभर जागा पुरेल, आणि वाचकांना स्वतः बेरीज करू दे.

आपला,
एक जुना वाचक