लाईट गेल्यावर टाकीतलं पाणी जातं कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत घरातल्या खाऱ्या पाण्याच्या ॲक्वेरियमवर लेख आला, बरं वाटलं, मराठी पेपरात या छंदावर फारसं कुणी लिहीत नाही. पण एक सांगायचंय. लेखात क्लाऊनफिश आले, ब्लू टँग आला, लाईट आले, मीठ कुठलं घ्यायचं तेही आलं, आणि टाकीखालच्या कपाटात जे असतं ते मात्र फिल्टर साफ ठेवा म्हणून एका ओळीत उरकलं. अहो खरा छंद त्या कपाटातच आहे. मासे बघायला पाहुणे येतात, पाइपाखाली बादली धरायला आपणच असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोमधून, म्हणजे काठाजवळच्या सांडव्यातून, पाइपाने खाली संपमध्ये, म्हणजे कपाटातल्या दुसऱ्या टाकीत येतं, तिथे सॉकमधून, म्हणजे कापडी पिशवीतून गाळलं जातं, फेसाबरोबर घाण काढणाऱ्या स्किमरमधून फिरतं आणि रिटर्न पंप ते परत वर ढकलतो, हे चोवीस तास. पंप चालू आहे तोवर सगळं छान. तो बंद पडला की काय होतं ते कुणी सांगत नाही, आणि आमच्याकडे डोंबिवलीत पावसाळ्यात लाईट जातेच. मुंबईवाल्यांना वाटतं आपल्याकडे जात नाही, त्यांनी १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवावी, ग्रिड बसली आणि लोकलसकट सगळं ठप्प, काही भागात तर कित्येक तास.

तर पंप थांबला की रिटर्न पाइपातून वरचं पाणी सायफनने, म्हणजे भरलेल्या पाइपातल्या पाण्याच्या ओढीने, उलटं खाली यायला लागतं. पाइपाचं तोंड पाण्यात जितकं खोल तितकं पाणी उतरणार. हिशेब करून बघा, चार फुटी टाकी म्हणजे साधारण १२० बाय ४५ सेंटिमीटर, तोंड १० सेंटिमीटर खाली असेल तर ५४ लिटर, म्हणजे वीस लिटरचे जवळजवळ तीन जार. संप आधीच काठोकाठ भरलेला असला तर ते सगळं फरशीवर आणि मग खालच्या मजल्याच्या सीलिंगमध्ये, आणि ते खारं पाणी, स्लॅबच्या सळया गंजवणारं, सोसायटीच्या मीटिंगला पुढचं वर्षभर पुरणारं. तेच तोंड २ सेंटिमीटर खाली ठेवलं तर साधारण ११ लिटरवर भागतं. बस, एवढ्या फरकाची गोष्ट आहे.

दुकानात सांगतात चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, टाका की झालं. माझा त्याच्यावर विश्वास नाही, खाऱ्या पाण्यात त्या झडपेवर चुन्याचा थर बसतो, एखादी छोटी गोगलगाय अडकते आणि ऐन वेळी झडप अर्धवट उघडी राहते. त्यापेक्षा पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली पाइपाला एक भोक पाडा, पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. फक्त ते भोक शेवाळाने बुजतं, टूथपिकने मोकळं करत राहायचं.

याच्या उलट भानगड असते काचेवर अडकवायच्या ओव्हरफ्लो बॉक्सची. लाईट आली, पंप चालू झाला, पण बॉक्सच्या नळीत हवा धरल्यामुळे पाणी खालीच येईना, मग पंप संपमधलं पाणी वर चढवत राहतो आणि टाकी वरून वाहते. म्हणून पंपाच्या कप्प्यात पाणी तेवढंच ठेवायचं जेवढं वरच्या मोकळ्या जागेत मावेल. मासे आणायच्या आधी पंपाचा स्विच बंद करा आणि पाणी संपमध्ये कुठवर चढतं ते बघत बसा, पाणी काठापर्यंत आलं तर थोडं काढून टाका आणि पुन्हा तसंच करून बघा, मग चालू असताना जी पातळी असेल तिथे मार्करने रेघ मारा, त्या रेघेच्या वर कधीही भरायचं नाही. दुकानदाराने टाकी बसवून द्यायच्या दिवशी हे करून दाखवलंच पाहिजे असं माझं म्हणणं आहे, पैसे त्यानंतर द्यावेत.

प्लंबर नेहमीचा असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा. तो सवयीने पितळी व्हॉल्व्ह लावेल, पितळेत तांबं असतं आणि तांबं कोळंबी-गोगलगायींना विष आहे. सगळं यूपीव्हीसीचं, म्हणजे प्लॅस्टिकचंच घ्या, जोडाला चिकटवायचं सोल्युशन लावल्यावर एक दिवस वाळू द्या, आणि पंपाजवळ युनियन, म्हणजे हाताने फिरवून सोडवता येणारा जोड हवाच. तो नसला की पंप साफ करायला पाइप कापावा लागतो, मग कुणी साफच करत नाही. खरं तर सोपं काम आहे, किराणा दुकानातलं लिंबाचं सत्त्व किंवा पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून पंप तासभर बुडवून ठेवला की चुना विरघळतो.

आता फिल्टर स्वच्छ ठेवण्याबद्दल, कारण त्या ओळीने खरंच नुकसान होऊ शकतं. सॉक तीन-चार दिवसांनी बदलायचा, त्यातली घाण कुजली की नायट्रेट वाढतं. स्किमरचा कप आणि नळीचा गळा धुवायचा, तिथे चिकट थर जमला की फेस वरच चढत नाही. पण ज्या दगडांवर, सिरॅमिक रिंगांवर बॅक्टेरिया असतात ते नळाखाली धरायचे नाहीत, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं, आणि तेच तर माशांचा अमोनिया आधी नायट्राइट मग नायट्रेट करत असतात. ते हलवायचेच असले तर टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात हलके हलवा. बंद डब्यातला कॅनिस्टर फिल्टर असेल तर लाईट कित्येक तास गेल्यावर तो तसाच चालू करू नका, आतला ऑक्सिजन संपून बॅक्टेरिया मेलेले असतात आणि ती घाण सरळ माशांकडे जाते, आधी उघडून पाणी ओता.

आटलेलं पाणी भरताना मीठ घालायचं नाही, मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं. त्यासाठी स्वयंपाकघरातला आरओ चालेल का असं बरेच जण विचारतात, तर त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी किंवा मिनरल परत मिसळतात, म्हणून पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने बघून मगच वापरा.

पुढच्या लेखात संपची एक आकृती छापाल का? वरची टाकी, खालचा संप, पाइपाचं तोंड आणि ते भोक, एवढं पुरे.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता. क. : लेखात शेवटी प्रवाळ लावण्याचा सल्ला दिलाय. आपल्याकडे दगडी प्रवाळ, म्हणजे हार्ड कोरल, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, समुद्रघोडाही तसाच. किनाऱ्यावरून उचललेले कुणी विकत असेल तर घेऊ नका, तेवढी दुरुस्ती जरूर छापा.