नाईट शिफ्टच्या ब्रेकमधून, एलपीएनच्या शाळेबद्दल

प्रिय सोन्या,

रात्रीचे पावणेतीन झालेत, ब्रेकरूममधे बसलेय. माझी नाईट आणि तुझी वेअरहाऊसची डे, आपली भेट होते ती जिन्यात, तू बूट घालत असतोस मी काढत असते, तेवढ्यात काही बोलणं होत नाही म्हणून लिहितेय. सहावीपर्यंत सांगलीत शिकलायस, मराठी वाचता येतं तुला, हळूहळू वाच पण पूर्ण वाच.

किचनच्या टेबलावर तू ठेवलेली तिन्ही ब्रोशर्स मी पाहिली. परवा तू एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सचा कोर्स, करतो म्हणालास आणि मी काहीच बोलले नाही, तुला वाटलं असेल आईला पटलेलं नाही. तसं अजिबात नाही रे. मी गप्प झाले कारण मला २०१६ आठवलं. तू तेव्हा हायस्कूलमधे होतास, तुला एवढंच माहितीये की आई संध्याकाळच्या क्लासला जायची आणि मग जायची बंद झाली. कारण कधी सांगितलं नाही तुला, आज सांगते.

तेव्हा मला सीएनए, म्हणजे नर्सच्या हाताखालची असिस्टंट, होऊन दोन वर्षं झाली होती. एलपीएनसाठी एका प्रायव्हेट शाळेत चौकशीचा फॉर्म भरला तर वीस मिनिटांत फोन. मग रोज फोन, सीट्स दोनच उरल्यात, शुक्रवारपर्यंत सही केली तर रजिस्ट्रेशन फी माफ. बोलणारी बाई इतकी गोड बोलायची की मला वाटलं ही शाळेची टीचर असेल, नंतर कळलं तिचं काम फक्त ॲडमिशन भरायचं. मी नऊ हजार डॉलर भरले, त्यातले चार आजीने पाटल्या मोडून पाठवले होते. सहा महिने थिअरी झाली, चांगली झाली, मी खोटं बोलणार नाही, ॲनॅटॉमी शिकवणारे सर फार मनापासून शिकवायचे. पण क्लिनिकलची, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटजवळ शिकायची, वेळ आली तेव्हा दर आठवड्याला नवीन कारण, या नर्सिंग होमशी बोलणी चालू आहेत, त्या हॉस्पिटलची सही बाकी आहे, आणि एका सोमवारी गेलो तर दाराला कुलूप. वर्गातल्या आम्ही अठरा बायका पार्किंग लॉटमधे उभ्या होतो. दुसऱ्या शाळेत गेले तर म्हणाले तुमचे सहा महिने आम्ही धरू शकत नाही, पहिल्यापासून करा. पुन्हा पहिल्यापासून करायला ना पैसे होते ना तेवढा जीव उरला होता.

म्हणून मला तुझ्या निर्णयाची काळजी नाही, त्या तीन ब्रोशर्सपैकी तू कुठलं उचलतोस त्याची आहे.

सगळ्यात आधी हे बघ की न्यू जर्सी बोर्ड ऑफ नर्सिंगच्या ॲप्रूव्ह्ड यादीत त्या शाळेचा प्रॅक्टिकल नर्सिंगचा प्रोग्राम आहे का. शाळेचं नाव असून भागत नाही, प्रोग्राम पाहिजे, कारण एकाच शाळेत मेडिकल असिस्टंट, फ्लेबॉटॉमी असं दहा प्रकारचं शिकवतात आणि सगळं एकाच बोर्डाखाली असल्यासारखं दाखवतात. यादीत नसेल तर एनक्लेक्सला, म्हणजे लायसन्सच्या परीक्षेला, बसायलाच मिळत नाही, आणि एलपीएनची ती परीक्षा, एनक्लेक्स-पीएन, पास झाल्याशिवाय लायसन्स नाही, मग ते सर्टिफिकेट भिंतीवर लाव नाहीतर कपाटात ठेव. यादी तू स्वतः बोर्डाच्या साईटवर बघ, शाळेने दिलेल्या कागदावर जाऊ नकोस. २०२३ च्या जानेवारीत ते फ्लोरिडाचं प्रकरण बाहेर आलं, आठवतंय का, तिथल्या शाळांतून ७,६०० च्या वर खोटे नर्सिंग डिप्लोमे विकले गेले होते आणि पकडलेल्यांमधे आपल्या जर्सीतले लोकही होते. ते कागद घेऊन काही जण परीक्षा पाससुद्धा झाले आणि पेशंटच्या खोलीत पोचले. मी ती बातमी इथेच या खुर्चीत वाचली होती आणि पुढचा राऊंड घेताना मला प्रत्येक बेडकडे बघून कसंतरी होत होतं.

मग पास रेट. पहिल्या प्रयत्नात किती जण एनक्लेक्स पास झाले तो आकडा प्रत्येक शाळेचा असतो, एका वर्षाचा नको बघू, चार वर्षांचे शेजारी शेजारी मांड. २०२३ मधे देशभरात इथल्या शाळांतून पहिल्यांदा बसलेल्यांपैकी शंभरात साधारण ८६ जण पास झाले होते, त्याच्या बरीच खाली असेल तर विचारायचं का. पण सोन्या, नुसता आकडा बघूनही फसायला होतं. आमच्या मजल्यावरची एलपीएन, हैतीची आहे ती, मला म्हणाली की काही शाळा शेवटी एक एक्झिट एक्झाम ठेवतात आणि ती पास झाल्याशिवाय पुढचे कागदच पाठवत नाहीत, मग कच्ची मुलं अडकून बसतात आणि पास रेट मात्र ९५ दिसतो. म्हणून विचार की सुरुवातीला किती जण होते आणि वेळेत किती जण बाहेर पडले. चाळीस आत गेले आणि बावीस बाहेर आले तर मधले अठरा कुठे गेले हे आपल्याला कळायलाच हवं, त्या प्रत्येकाने फी भरलेली असते.

आता क्लिनिकल. यावर मी जास्त लिहिणारे, कारण माझा जीव इथे अडकलाय.

मागच्या फेब्रुवारीत माझ्या बाजूला एक आजोबा होते, सीओपीडीचे, म्हणजे फुफ्फुसाच्या जुन्या आजाराचे, एरवी शांत माणूस, रात्री टीव्ही बंद केला की झोपणार. त्या रात्री दोनच्या सुमाराला ते सारखी चादर काढून टाकत होते, उठून बसत होते, मला म्हणाले बस चुकेल माझी. मला ते बरोबर वाटेना. मी जाऊन नर्सला सांगितलं, ती औषधांची मेड कार्ट तिथेच लॉक करून आली, बोटाला पल्स ऑक्स लावलं, ऑक्सिजन ८४, फारच कमी. तिने त्यांना उठवून बसवलं, ऑक्सिजनची नळी बघितली तर ती अंगाखाली दुमडली गेली होती, ती सरळ केली, आरएनला, म्हणजे वरच्या रजिस्टर्ड नर्सला, फोन, डॉक्टरला फोन, आणि हे सगळं करताना आजोबांशी बसबद्दलच बोलत होती, कुठली बस, किती वाजताची. वीस मिनिटांत ९१. मला दिसलं होतं की काहीतरी बिघडलंय, पण त्याचा अर्थ तिला कळत होता आणि त्यावर काय करायचं ते तिच्या हाताला माहीत होतं. हा जो फरक आहे ना तेवढ्यासाठी तू शाळेत जाणार आहेस. तो पुस्तकातून थोडा येतो, बाकीचा क्लिनिकलमधे, पाठीमागे एक चांगली इन्स्ट्रक्टर उभी असताना येतो.

म्हणून क्लिनिकल कुठे आहे, त्यांच्याशी करार सही झालेला आहे का, एका इन्स्ट्रक्टरमागे किती मुलं, हे विचार. फक्त नर्सिंग होम आहे की मॅटर्निटी, मुलांचा वॉर्ड, मेंटल हेल्थ हेही दाखवतात. त्या दुसऱ्या ब्रोशरवर मोठ्या अक्षरात ऑनलाईन लिहिलंय, थिअरी ऑनलाईन असायला माझी हरकत नाही, पण कॅथेटर कसा घालायचा आणि घाबरलेल्या माणसाला कसं धरायचं हे स्क्रीनवर शिकता येत नाही. आणि पाठांतरावर निभेल असं समजू नकोस. एनक्लेक्समधे कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न असतात, पाच तास, कॉम्प्युटर तुझ्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवतो, आणि २०२३ च्या एप्रिलपासून त्यात केस स्टडीज आल्यात. शिवाय काही प्रश्नांत चार पेशंट देतात आणि विचारतात आधी कोणाकडे जाशील. आमचे आजोबा त्या चारात असते तर "गोंधळलेले आहेत, बस चुकेल म्हणतात" एवढंच लिहिलेलं असतं आणि तेवढ्यावरून तुला त्यांच्याकडे जायचं असतं.

गणिताची मला चिंता नाही. ऑर्डर २५० मिलिग्रॅमची आणि बाटलीवर लिहिलंय ५ मिलिलिटरमधे १२५, तर किती द्यायचं, हे तू झोपेतसुद्धा सांगशील. पण डोस कॅल्क्युलेशनची टेस्ट बऱ्याच शाळा नव्वदच्या पुढे मागतात आणि त्यात अर्धा मार्क बिर्क काही नसतं, दशांश चिन्ह चुकलं की चुकलं.

बाबांचं बोलणं मनावर घेऊ नकोस, पण ते पूर्ण चुकीचं आहे असंही नाही. ते म्हणतात डायरेक्ट आरएन कर. सरकारी आकड्यांत मे २०२४ ला एलपीएनचा मधला पगार वर्षाला ६२,३४० डॉलर होता आणि आरएनचा ९३,६००, हा फरक काही थोडा नाही, शिवाय हॉस्पिटलं बहुतेक आरएनच घेतात, एलपीएनला जास्त करून नर्सिंग होम, होम केअर, क्लिनिक. पण तुझ्या डोक्यावर कॉम्प्युटरच्या त्या अर्धवट दोन वर्षांचं लोन आहे, आणि आरएनला आधी प्रवेशापूर्वीचे प्रीरिक्विझिट कोर्स, मग वेटिंग लिस्ट. एलपीएन साधारण वर्षभरात हातात येतं, कमवत कमवत ब्रिजने, म्हणजे एलपीएनवरून आरएन होण्याच्या कोर्सने, पुढे जाता येतं. मला हा रस्ता पटतो. फक्त पुढचा पूल आधी बघून ठेव. म्हंजे असं कर, आधी आरएनच्या दोन-तीन कॉलेजांना फोन कर आणि विचार की कुठल्या एलपीएन शाळांतली मुलं तुम्ही घेता, क्रेडिट्स धरता की नुसतं लायसन्स बघता, एसीईएन किंवा सीएनईए या संस्थांचं ॲक्रेडिटेशन, म्हणजे मान्यता, मागता का. मग एलपीएनची शाळा ठरव. मी उलटं केलं होतं, शाळेलाच विचारलं होतं तुमची क्रेडिट्स चालतात का, ते नाही कशाला म्हणतील.

मामा म्हणतो ह्यूस्टनला ये. तिथे एलपीएनलाच एलव्हीएन म्हणतात, काम तेच. जर्सी २०२१ पासून कॉम्पॅक्टमधे, म्हणजे एकमेकांचं नर्सिंग लायसन्स मानणाऱ्या राज्यांत, आहे आणि टेक्सास पण, त्यामुळे पुढे कधी जायचं झालं तर फार अडचण नाही. न्यू यॉर्क मात्र कॉम्पॅक्टमधे नाही, नदीपलीकडे काम करायचं तर वेगळं लायसन्स, हे लक्षात ठेव, कारण तू मॅनहॅटनचं सारखं बोलत असतोस.

पैशांचं. पहिल्या ब्रोशरवर ट्यूशन २८ हजार आहे, त्यात युनिफॉर्म, पुस्तकं, लॅब फी, बॅकग्राऊंड चेक आणि परीक्षेची फी धरलीये का ते लिहून घे, तोंडी नको. एनक्लेक्सचेच दोनशे डॉलर वेगळे असतात. काऊंटीच्या व्होकेशनल शाळेचं याच्या निम्म्याहून कमी आहे. तिथे पेल ग्रँट ही सरकारी मदत चालते का विचार, या वर्षी जास्तीत जास्त ७,३९५ मिळते आणि ती परत करायची नसते, त्यासाठीचा फाफ्साचा फॉर्म मी आणि तू रविवारी बसून भरू. आणि मधेच सोडावं लागलं तर किती परत मिळेल हे काँट्रॅक्टमधे कुठल्या पानावर आहे ते मला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. ही एक गोष्ट माझी ऐकच.

विचारशील तर माझं मत काऊंटीच्या शाळेला आहे. त्यांचे वर्ग वर्षातून एकदाच सप्टेंबरला सुरू होतात, एंट्रन्स टेस्ट आहे, मुलाखत आहे, फोन केला तर तीन दिवसांनी उलट फोन आला. तुला ते थंड वाटलं. मला त्यातच बरं वाटलं, त्यांना घाई नाहीये. दिवसभराचे क्लास आहेत म्हणून वेअरहाऊस सोडावं लागेल, मला माहितीये तू त्यासाठीच त्या संध्याकाळच्या कोर्सकडे बघतोयस. घरभाड्याचं मी आणि बाबा बघू. तू शनिवार-रविवार सीएनएचं काम धर, जर्सीत ते ट्रेनिंग ९० तासांचं आहे, सप्टेंबरच्या आधी होऊन जाईल, आणि तुला हेही कळेल की माणसाचं अंग पुसायला, डायपर बदलायला आपल्याला जमतंय का. ते जमलं नाही तर लाजायचं नाही, येऊन सांगायचं, आपण दुसरं बघू.

मराठी मंडळात कोणीतरी काहीतरी बोललं म्हणून तू त्या दिवशी लवकर घरी आलास, बाबांनी सांगितलं मला. मुलगा असून नर्स म्हणे. अरे, आपल्याकडे मिरजेला मिशन हॉस्पिटलमधे सिस्टर असायच्या तसे ब्रदरही असायचे. तुझे पणजोबा तिथे दीड महिना ॲडमिट होते, डॉक्टरांचं नाव घरात कोणाला आठवत नाही, पण ड्रेसिंग करणाऱ्या त्या ब्रदरची आठवण आजी अजून काढते, पणजोबांची दाढी करून द्यायचा म्हणून. तू ब्रदर झालेला मला बघायचाय.

बेल वाजतेय, जाते. निळ्या फाईलमधे तुझं लसीकरणाचं कार्ड आहे, हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस त्यात दिसत नाहीये, सगळ्या शाळा मागतात, डॉक्टरकडे फोन करून तारीख विचारून घे, नसेल तर आत्ताच घे. सोमवारी मला सुट्टी आहे, काऊंटीच्या शाळेचं ओपन हाऊस सहाला आहे, मी साडेपाचला तुला वेअरहाऊसच्या गेटवर घ्यायला येईन. डब्यात मटकीची उसळ आहे, पोळ्या फॉइलमधे.

तुझी,
आई